जवळचा किनारा

नवव्या सत्राला एलित्सा त्रायकोव्स्कानं विचारलं,
ओळ चार हजार एकशे सहा, ही कुठली भाषा?
रोमन अक्षरांत मीच लिहून ठेवलेलं:
इथे हात लावू नये. का ते विचारू नये.
मी म्हटलं, देवाचं आहे काहीतरी. आमच्यात पद्धत असते.
तिनं मान डोलावून वहीत उतरवून घेतलं.

तिच्या मागे खिडकी, खिडकीत बरण्या, लाल.
बितोलात ऑक्टोबरभर मिरच्या भाजतात म्हणे,
गल्लीगल्लीत चुली, अंगणात डोळे पुसणारी माणसं.
मला वास आला. स्क्रीनला वास नसतो, तरी आला.

निअरशोअर म्हणतात याला, जवळचा किनारा.
बितोलाला समुद्र नाही. स्विंडनलाही नाही.
गॅरेथनं तक्ता दाखवला: तिथं फक्त एक तासाचा फरक,
पुण्याचे साडेपाच,
आणि तो वरचा अर्धा तास, गॅरेथ म्हणाला,
इतक्या वर्षांत इथं कुणाच्या डोक्यात बसला नाही.
सगळे हसले. मीही हसले.
त्या अर्ध्या तासात मी दोन घरं चालवली होती.

माझ्या आधी या खुर्चीत क्लाइव्ह बसायचा.
बाप रेल्वेच्या कारखान्यात, भोंग्यावर उठणारा,
कारखाना गेला, भोंगा गेला,
पोरगा पाण्याच्या बिलांत आला.
मग पुण्याहून मी आले, वही घेऊन, नवा कोट घालून,
त्याचं काम त्याच्याकडूनच शिकून घ्यायला.
दहा सत्रं. बिस्किटं तो आणायचा.
शेवटच्या दिवशी म्हणाला, झालं, एवढंच आहे.

एवढंच नव्हतं.
ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी इथं घड्याळ मागं घेतात,
रात्रीचा एक ते दोन दोनदा वाजतो,
आणि प्रत्येक मीटर तो तास दोनदा मोजतं.
पुण्यात घड्याळ कुणी मागं घेत नाही,
तिथं कुणाला सुचायचं कसं?
अकरा हजार घरांना न प्यायलेल्या पाण्याची बिलं गेली.
एक म्हातारी फोनवर म्हणाली, बाई, मी अंघोळसुद्धा बादलीनं करते.
पहाटे चारला मी ती ओळ लिहिली. खाली मराठी.
शिवी लिहिणार होते, आवरलं.

क्लाइव्ह विसरला होता की त्यानं ठेवून घेतलं होतं,
हे मला अजून कळलेलं नाही.
नाताळला त्याचं कार्ड येतं. मी विचारत नाही.

दहावं सत्र शुक्रवारी.
गुरुवारी घरी जाताना त्या जादूच्या चौकात शिरले,
एका मोठ्या वर्तुळात पाच छोटी वर्तुळं,
सोळा वर्षांत कधी चुकले नव्हते,
परवा तीनदा फिरले, मागचा हॉर्न वाजवत राहिला.
मनात एकच:
काही नाही केलं तर काय होईल?
रविवारी एक वाजेल. मग पुन्हा एक वाजेल.
सोमवारी गॅरेथला माझा नंबर आठवेल.

शुक्रवारी बोलून झालं सगळं.
झालं, एवढंच आहे, असं म्हणायला तोंड उघडलं
तर ती म्हणाली, थांबा,
देवाचं नाव मी आजीला वाचून दाखवलं,
ती विचारतेय, हा देव कशाचा?

मग काय. बसले, सांगितलं.
मीटर, म्हातारी, बादली, सगळं.
ती बराच वेळ लिहीत होती.
मग म्हणाली, आमचाही दर आताच कुणीतरी विचारतोय,
पलीकडच्या देशातून.

रविवारी मध्यरात्री जागीच होते.
एक वाजला. दुसऱ्यांदा एक वाजला.
फोन वाजला नाही.
सकाळी, प्रवेश बंद व्हायच्या आत, ती ओळ उघडून पाहिली.
माझं मराठी होतं तिथंच.
त्याच्याखाली तिच्या लिपीत काहीतरी, छोटंसं.
भाषांतराला टाकता आलं असतं.
मी चहा टाकला.